गोमंतकांतील खाजणें आणि गांवकरी

(१)

फोंडा महालांतील बांदिवडें येथें मिळालेला अनिर्जितवर्मा मौर्याचा ताम्रपट गोमंतकाच्या अभ्यासकांस परिचित आहे. कोंकणच्या मौर्यांचे जे थोडे लेख उपलब्ध आहेत त्यांपैकीं हा एक असून लिपीवरून तो इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकांतील मानिला जातो. ह्या पटानें हस्त्यार्य नांवाच्या ब्राह्मणास जमीन दिलेली आहे. राजवंशाच्या इतिहासासाठीं हा पट पुष्कळांनीं चाळला आहे. आमचें लक्ष वेधून घेतो तो त्यांतील एक शब्द. तो शब्द 'खज्जन' हा होय. दिलेली जमीन खज्जन आहे, आणि तिला बांध घालून समुद्राचें पाणी आवरावयाचें आहे, असा तेथील आशय आहे. भूमिदानाचे ताम्रपट आपल्या देशांत विपुल आहेत; परंतु दानाबरोबर मातीचा बांध घालण्याचें कामही नोंदून ठेवणारा पट विरळा.

अमरकोशांत खाऱ्या जमिनीस 'ऊषर' हा शब्द आहे, 'खज्जन' हा नाहीं. राजाच्या लेखकास ऊषर शब्द ठाऊक नसेल हें संभवत नाहीं. मग त्यानें तो कां योजिला नाहीं? आमचें अनुमान असें कीं, ऊषर म्हणजे जींत बीं रुजत नाहीं अशी जमीन, आणि ह्या जमिनीस तर बांध पडतांच भात येतें. हा भेद विद्वानांच्या कोशानें केला नव्हता. चिखलांत उभें राहून काम करणाऱ्या लोकांनीं केला होता, आणि त्यांच्यापाशीं त्या जमिनीस स्वतंत्र नांव होतें. लेखकानें तेंच उचलून आपल्या संस्कृत वाक्यांत बसविलें. आजही गोमंतकांत व आपल्या कोंकणपट्टींत जिला 'खाजण' म्हणतात ती हीच जमीन. शब्द सुमारें चौदाशें वर्षें टिकला. त्या शब्दामागील बांध कोणीं टिकविला, आणि तो आतां ठिकठिकाणीं कां खचत आहे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

(२)

प्रथम खाजणाची रचना पाहिली पाहिजे. कारण ती समजल्यावांचून पुढील व्यवस्थेचें मर्म कळणार नाहीं.

मांडवी आणि झुवारी ह्या गोमंतकाच्या दोन मुख्य नद्या. मुखाकडील भागांत त्यांचा उतार इतका अल्प आहे कीं, भरतीचें खारें पाणी दिवसांतून दोनदां कित्येक कोस आंत चढतें. कांठची सखल भूमि मूळची खारफुटीच्या रानाची. पूर्वजांनीं त्यांतील कांहीं रान तोडिलें, नदीच्या बाजूनें बांध घातला, आणि आंतील भूमि लागवडीस आणिली. अशी जमीन गोमंतकांत सुमारें अठरा हजार हेक्टर असल्याचें सामान्यतः सांगतात. ह्या प्रांताचा एकंदर विस्तार पाहतां हा आंकडा लहान नाहीं.

बांध चिकण मातीचा. तींत भाताचा पेंढा मिसळून थरावर थर चढवावयाचे. प्रवाहाचा मार जेथें अधिक असेल तेथें बाहेरच्या अंगास जांभ्या दगडाचा थर द्यावयाचा. बांधाबाहेरील खारफुटी मुद्दाम राखावयाची, म्हणजे लाटेचा जोर ती आपल्या अंगावर घेते. बांधांत ठराविक ठिकाणीं 'मानस' असते. मानस म्हणजे जांभ्याच्या बांधकामांत बसविलेलीं लांकडी दारें. भरती चढूं लागली म्हणजे बाहेरील पाण्याच्या दाबानें तीं आपोआप मिटतात. ओहोटी लागली म्हणजे आंतील पाणी त्यांस उघडून बाहेर पडतें. मानशीच्या आंत 'पोंय' नांवाचें रुंद पात्र राखिलेलें असतें. पावसाळ्यांत डोंगराचें पाणी वेगानें खालीं येतें आणि त्याच वेळीं बाहेर भरती असली तर दारें उघडूं शकत नाहींत. तेवढा वेळ तें पाणी पोंयीनें पोटांत घ्यावें अशी ही योजना आहे.

पहिल्या पावसानें मातींतील मीठ धुऊन गेलें कीं कोरगुटासारखें खारेपणा सोसणारें भात पेरावयाचें. कापणीनंतर मोजकें खारें पाणी आंत घेऊन मासळी व कोळंबी धरावयाची. कांहीं ठिकाणीं उन्हाळ्यांत मिठागरें चालवावयाचीं. एकाच जमिनीनें धान्य, मासळी व मीठ हीं तिन्ही द्यावीं अशी ही घडी आहे.

परंतु ह्या घडींत एक कठोर अट आहे. खेकड्यानें पाडलेल्या बिळापासून पाझर सुरू होतो, पाझराचें भगदाड होतें, आणि एका रात्रींत भरती आंत शिरली म्हणजे ज्याच्या शेताशेजारीं बांध फुटला त्याचेंच नव्हे, तर सगळ्या खाजणाचें पीक जातें. शिवाय मातींत मुरलेलें मीठ पुढील कित्येक हंगाम पीक धरूं देत नाहीं. डोंगरावरील शेतकरी आळशी निघाला तर त्याचें स्वतःचेंच नुकसान होतें. खाजणांतील एकाचा आळस साऱ्या गांवास भोंवतो. उलट, एकट्यानें कितीही उद्योग केला तरी बांध राखणें त्याच्या शक्तीबाहेरचें. म्हणून येथें शेत ज्याचें त्यानें कसावें आणि बांध सर्वांनीं मिळून राखावा, ह्यावांचून दुसरी गति नव्हती.

(३)

हें 'सर्वांनीं मिळून' जिनें चालविलें ती संस्था गांवकरी. पोर्तुगीज कागदांत हिलाच पुढें 'कोमुनिदाद' हें नांव पडलें. तिसवाडी, बारदेश व साष्टी ह्या जुन्या काबिजादींतील महालांत ती विशेष दृढ होती. तिसवाडी म्हणजे तीस वाड्या आणि साष्टी म्हणजे षट्षष्टि, अर्थात् सहासष्ट गांवें. ह्या प्रदेशांचीं नांवेंच गांवांच्या मोजणीवरून पडलीं आहेत, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

ज्या कुळांनीं गांव वसविलें त्यांचे पुरुष वंशज ते गांवकार. त्यांच्या शाखांस 'वांगड' म्हणत. जमीन गांवाची, ती गांवकारांत वांटून दिलेली नसे. भातशेतें ठराविक मुदतीनें, बहुधा तीन वर्षांनीं, सभेंत लिलाव करून कसावयास देत. मानशीवरील मासळीचाही असाच लिलाव होई. ह्या उत्पन्नांतून प्रथम सरकारदेणें, मग देवस्थानाचा खर्च, गांवच्या सेवेकऱ्यांचा निर्वाह, आणि बांध व मानशी यांची दुरुस्ती असा क्रम असे. सेवेकऱ्यांस व देवळास तोडून दिलेल्या जमिनीस 'नमस' म्हणत. इतकें भागून जें उरे तें गांवकारांत वांटीत; त्या वांटणीस 'जोण' असें नांव आहे. तूट आल्यास तीही गांवकारांसच भरून द्यावी लागे. सभेचा ठराव कुळकर्ण्यानें लिहून घ्यावयाचा.

देशावरील गांवाचें चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांवगाडा' (१९१५) ह्या ग्रंथांत रेखाटलें आहे. तेथें पाटील, कुळकर्णी, बलुतेदार हे सर्व आहेत. परंतु पिकाची जमीन सामान्यतः ज्याच्या त्याच्या नांवें आहे. गोमंतकांतील गांवकरींत जमीनच सामायिक. हा भेद कशामुळें पडला असावा? आमच्या मतें त्याचें एक मोठें कारण खाजणाचा बांध हेंच होय. जेथें एका भगदाडानें सर्वांचें शेत बुडतें तेथें माझें शेत व तुझें शेत ही भाषा पाणी ऐकत नाहीं. जोण हा बांधाचा नफा, आणि तूट हा बांधाचा दंड; दोन्ही एकाच यादींतील नांवांवर पडत. दुरुस्तीस टाळाटाळ केली तर पुढल्या वर्षीं आपलाच जोण बुडतो, हें प्रत्येक गांवकार जाणून होता. व्यवस्थेचें सारें बळ ह्या एका गोष्टींत होतें.

(४)

ह्या चालीरीतींचा पहिला विस्तृत लेखी पुरावा म्हणजे १६ सप्टेंबर १५२६ रोजींचा 'फोराल'. पोर्तुगीजांनीं तिसवाडी १५१० मध्यें जिंकली. बारदेश व साष्टी त्यांच्या हातीं १५४३ मध्यें आल्या. मधल्या काळांत खजिन्याचा अधिकारी आफोंसो मेशिया यानें गोवें बेट व त्यास लागून असलेल्या बेटांतील गांवकारांच्या व कसणाऱ्यांच्या रूढि विचारून घेऊन त्यांचीं एकूणपन्नास कलमें नोंदविलीं. त्यांत एकतीस गांवें असल्याचें सांगितलें असून आठ गांवें मुख्य म्हणून दिलीं आहेत. प्रारंभीं एक आख्यायिका आहे: पूर्वीं चार पुरुष एका ओसाड बेटांत आले, त्यांनीं तेथें लागवड केली, वस्ती वाढविली, आणि त्यांच्या चांगल्या व्यवस्थेमुळें त्यांस गांवकार हें नांव मिळालें. पडीक जमीन लागवडीस आणूं इच्छिणारास ती ठराविक खंडानें देण्याचा अधिकार गांवकारांचा, अशीही रूढि त्यांत नोंदलेली आहे.

हा दस्तऐवज वाचतांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. तो कर वसूल करणाऱ्याच्या लेखणींतून उतरला आहे. मेशियास गांवकरीचें कौतुक नव्हतें. सरकारचें देणें कोण देईल व कोणास जबाबदार धरावें हें त्यास ठरवावयाचें होतें. म्हणून फोरालांत देण्याघेण्याविषयीं जितकें आहे तितकें मातीविषयीं व पाण्याविषयीं नाहीं. तथापि ह्याच कारणानें त्याच्या साक्षीस मोल आहे. प्रशंसा करण्याचें ज्यास प्रयोजन नाहीं अशा परक्या अधिकाऱ्यासही, हा प्रदेश गांवकारांच्या सामायिक जबाबदारीवांचून चालणार नाहीं, असें मान्य करावें लागलें.

(५)

येथें एका जुन्या वादाचा परामर्श घेणें प्राप्त आहे. चार्ल्स मेटकाफ यानें १८३० च्या आपल्या टिपणांत हिंदुस्थानांतील गांवांस लहान लहान प्रजासत्ताकें म्हटलें, आणि तेव्हांपासून हें वचन आपल्याकडील लेखकांनीं मोठ्या अभिमानानें मिरविलें. पुढें बेडन-पॉवेल यानें गांवसमाजाच्या ह्या सरसकट कल्पनेवर कठोर आक्षेप घेतले, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभींच्या गोव्यांतील गांवांवर १९०० मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेंत लेख लिहिला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे स्वतः गोमंतकांतील. त्यांनींही 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) ह्या ग्रंथांत जुन्या काबिजादींतील गांवसमाजावर एक प्रकरण दिलें आहे.

गांवकरी प्रजासत्ताक होती काय? आम्हांस उत्तर द्यावें लागतें कीं, सभेंत बसणाऱ्यांपुरती होती. फोरालाच्या शीर्षकांतच गांवकार व कसणारे हे दोघे वेगळे दाखविले आहेत. चिखलाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावर चढणारे हात बहुतांशीं गावडे, कुणबी व इतर कष्टकरी यांचे होते. सभेंत त्यांना मत नव्हतें, आणि जोणांत भाग नव्हता. स्त्रियांनाही नव्हता. ज्यांच्या श्रमानें भरती थोपविली त्यांचीं नांवें कुळकर्ण्याच्या वहींत आलीं तर मजुरीच्या खर्चांत आलीं. आमच्या पूर्वजांविषयीं आदर बाळगूनही हें लिहिलें पाहिजे. नाहींतर इतिहास लिहिण्याऐवजीं आम्ही स्तोत्र लिहूं. पुढें जो अनर्थ झाला त्याचें बीं ह्याच उणिवेंत होतें असें आम्हांस वाटतें.

(६)

गांवकरीचा ऱ्हास एका आघातानें झाला नाहीं. पहिला घाव देवस्थानांवर पडला. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास पाडण्यांत आलीं आणि त्यांच्या जमिनींचें उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांकडे वळविण्यांत आलें. बारदेश व साष्टींतही पुढें तीच गति झाली. पुष्कळ कुटुंबें देव घेऊन नदीपार गेलीं. जीं राहिलीं त्यांनीं बहुधा नवा धर्म स्वीकारला. मात्र गांवकरी त्यांनीं सोडली नाहीं. धर्म बदलला, भाषा थोडी बदलली, वांगड व जोण राहिले, आणि बांधही राहिला. भरतीला दोन्ही धर्म सारखेच. तेव्हां हें आश्चर्य मानण्याचें कारण नाहीं.

दुसरा घाव सूक्ष्म होता. कालांतरानें गांवच्या उत्पन्नाचे भाग विकतां व विकत घेतां येऊं लागले. गांवांत न राहणारा, बांधावर कधीं पाऊल न टाकलेला मनुष्यही भागीदार होऊं लागला. एकोणिसाव्या शतकांत फिलिप नेरी शाव्हियेर यानें गांवकरींचा इतिहास संकलित केला (१८५२) तेव्हां ही संस्था पुष्कळ अंशीं हिशेबाची बाब झालेली होती. पुढें १९०४, १९३३ व १९६१ असे तीन वेळां कोमुनिदादींचे कायदे झाले. त्यांनीं संस्थेस लेखी संरक्षण दिलें हें खरें. पण त्याबरोबर तिच्यावर सरकारी देखरेख बसविली. भगदाड दिसल्याबरोबर माती टाकणें ही एक रीत, आणि भगदाडाचा अंदाज करून मंजुरीची वाट पाहणें ही दुसरी. समुद्र दुसऱ्या रीतीस ओळखत नाहीं.

(७)

गोमंतक १९ डिसेंबर १९६१ रोजीं मुक्त झाला. १९६४ मध्यें तेथें कूळकायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनें कूळ हें कसत असलेल्या जमिनीचें मालक ठरलें. शतकानुशतकें ज्यांस सभेंत जागा नव्हती त्यांस ही जागा मिळाली. हा न्यायच झाला, आणि तो उशिरा झाला. ह्याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं.

परंतु कायद्यानें मालकी दिली ती शेताची, तुकड्या-तुकड्यानें. बांध कोणाच्याच तुकड्यांत बसत नव्हता. ही अडचण शासनास दिसली नव्हती असें नाहीं. १९७५ मध्यें कुळांच्या सामायिक जबाबदारीविषयीं स्वतंत्र नियम झाले. त्यांन्वयें खाजणोखाजणीं कुळांचे संघ स्थापन होऊन बांधाची निगा त्यांजकडे आली, आणि मानशीच्या लिलावाचा पैसा त्या कामीं लागावा अशी योजना झाली. 'सामायिक जबाबदारी' हे शब्द नियमांच्या नांवांतच आहेत. फोरालापासून चारशें एकोणपन्नास वर्षांनीं सरकार पुन्हा त्याच शब्दापाशीं आलें.

शब्द आला, पण त्या शब्दास धरून ठेवणारी साखळी तुटलेली होती. दरम्यान कोळंबीचा भाव वाढला, भातशेतीचा नफा घटला, तरुण मंडळी नोकरीस गेली. मानशीचा मक्ता घेणारास आंत खारें पाणी जितकें अधिक तितका लाभ. शेत कसणारास तेंच पाणी विषासमान. पूर्वीं हे दोन्ही लाभ एकाच सभेच्या वहींत येत, म्हणून त्यांचा तोल तेथेंच सांभाळिला जाई. आतां ते दोन वेगळ्या हातांत पडले, आणि तोल पाहणारा कोणी उरला नाहीं. कोमुनिदादी आजही सव्वादोनशेंच्या आसपास आहेत. कागदोपत्रीं जमीन पुष्कळ ठिकाणीं त्यांचीच चालते. पण बांध फुटला म्हणजे कोमुनिदाद कुळांच्या संघाकडे बोट दाखविते, संघ सरकारकडे दाखवितो, आणि सरकार अर्ज मागतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही तिसवाडींतील एका गांवीं गेलों होतों. एक वृद्ध शेतकरी आम्हांस बांधावर घेऊन गेले. मानशीच्या एका दाराच्या फळ्या कुजून गेल्या होत्या आणि भरतीचें पाणी त्यांतून सावकाश आंत येत होतें. आंतील शेतांत खारफुटीचीं पुरुषभर उंचीचीं झाडें उभीं होतीं. ते म्हणाले, "मास्तर, ह्या शेतांत माझ्या बापानें भात कापलें आहे." मग जरा थांबून म्हणाले, "बापाचें नव्हतें तेव्हां पिकत होतें. माझें झालें आणि गेलें." त्यांच्या ह्या दोन वाक्यांत आम्हांस ह्या विषयावरील अनेक ग्रंथांचें सार मिळालें. त्यांच्या बापानें दुसऱ्याचा बांध मजुरीनें राखला. त्यांस स्वतःचें शेत मिळालें, पण बांध राखणारी सभा मिळाली नाहीं.

(८)

वरील विवेचनावरून जो निष्कर्ष निघतो तो थोडक्यांत असा. खाजणाचा बांध जुन्या काळीं टिकला याचें कारण त्या काळचे लोक अधिक सद्गुणी होते हें नव्हे. बांध राखण्याचा भार आणि बांधाचें फळ हीं एकाच मंडळीच्या पदरीं होतीं, आणि दोहोंचा हिशेब एकाच वहींत, सर्वांसमक्ष होत असे. भाग विक्रीस निघाले तेव्हां फळ गांवाबाहेर जाऊं लागलें. मंजुरी वरून येऊं लागली तेव्हां भार गांवाबाहेर गेला. आणि शेवटीं जमीन न्यायानें कसणाराकडे आली तेव्हां बांध मध्येंच निराधार राहिला. जुनी गांवकरी जशीच्या तशी परत आणावी असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्या सभेचें दार अरुंद होतें. परंतु ज्यास शेत आहे, ज्यास मानस आहे व ज्याचें घर त्या बांधाच्या आधारानें उभें आहे, अशा सर्वांची एक सभा व एक वही असल्यावांचून बांध राहणार नाहीं, हें चौदाशें वर्षांच्या ह्या वृत्तान्तावरून स्पष्ट होतें. २०११ च्या समुद्रकांठाच्या नियमावलींत खाजणांचे नकाशे करावे, त्यांचें व त्यांलगतच्या खारफुटीचें रक्षण करावें, असें केंद्रशासनानें लिहिलें आहे. नकाशानें जमीन कोठें आहे हें कळेल. तिचा बांध कोण राखील हें नकाशा सांगूं शकत नाहीं.

इतिहाससंशोधकांचें कर्तव्य याहून मर्यादित आहे, पण तें तांतडीचें आहे. गांवकरींच्या जुन्या वह्या मराठींत, मोडी व गोयकानडी लिपींत आणि पुढें पोर्तुगीज भाषेंत लिहिलेल्या आहेत. पणजीच्या दप्तरखान्यांत जें आहे तें सुरक्षित आहे, कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारख्या विद्वानानें त्या दप्तराची आयुष्यभर सेवा केली. परंतु जें घराघरांत, देवळांत व चर्चींत पडून आहे त्यास वाळवी व दमट हवा हे दोन शत्रु आहेत. राजांच्या तहांसाठीं आपण हीं दप्तरें धुंडाळतों. बांधाच्या दुरुस्तीस किती टोपल्या माती लागली, किती मजूर आले, कोणत्या वर्षीं भगदाड पडलें व किती दिवसांत बुजविलें, हीं टिपणें आपण पानें उलटून सोडून देतों. आपल्या इकडील कुलाबा प्रांतांतही, आजच्या रायगड जिल्ह्यांत, खाऱ्या जमिनीची 'शिलोत्री' नांवाची वहिवाट होती व बांधाच्या निगेसाठीं धान्याचा वेगळा भाग घेत. तिचे कागदही ह्याच दृष्टीनें तपासले पाहिजेत. अनिर्जितवर्म्याच्या लेखकानें एक लोकशब्द तांब्यावर कोरून ठेविला म्हणून आज आम्हांस ह्या विषयाचें टोंक सांपडलें. टोपली वाहणाऱ्यांचे हिशेब तर कागदावरच आहेत, आणि कागद तांब्याइतका टिकत नाहीं.